चौदाव्या रांगेतल्या चार जागा

सेंट बोनिफस, विनिपेग
शनिवार सकाळ

प्रिय नेटी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. आज अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत मी तुला सात वेळा फोन केला आणि सातही वेळा तुझ्या निरोपाच्या यंत्रावर तुझ्या मेट्रोचा आवाज लागला, “आम्ही घरी नाही, किंवा आहोत पण मॅच चालू आहे, नंतर करा.” चार वर्षं झाली तुझ्या नवऱ्याला जाऊन, तरी तू तो आवाज पुसला नाहीस हे मला ठाऊक होतं. पण सात वेळा ऐकल्यावर निरोप ठेवायला तोंडच उघडेना. काय सांगणार? मेट्रोच्या देखत तुझी माफी कशी मागणार? कारण मी जे बोलले ते त्याच्याच नावाने बोलले होते.

बुधवारी हॉकी स्टेडियममध्ये आपल्या दारावरच्या कॉर्नीने मला सांगितलं की तू पुढच्या हंगामाच्या जागा सोडते आहेस. तुझ्या शेजारच्या गल्लीत राहतो ना तो, त्याला सगळं कळतं. माझं तिकीट बघता बघता हळूच म्हणाला, “सोलांजबाई, नेटीबाईंनी फॉर्म भरला नाही म्हणे अजून. म्हणाल्या, झालं तेवढं पुरे.” मी म्हटलं, सोमवारपर्यंत मुदत आहे, भरेल ती. त्याने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला. चौदा वर्षांत कॉर्नीने कुणाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी पाहिला नव्हता. मेनोनाइट पंथाचा साधा माणूस, हस्तांदोलनसुद्धा जपून करतो. तेव्हा मला कळलं, ही गोष्ट खरी आहे. तू सोडलंस तर सोमवारनंतर माझ्या उजव्या हाताला कायमचं कुणीतरी परकं बसेल.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आन्येस आम्हाला शिकवायच्या की कबुलीजबाब देताना पाप आधी सांगायचं आणि कारण मागून, तेही फादरांनी विचारलं तरच. मी सहासष्ट वर्षांची झाले तरी मला हे जमत नाही. मी कारणांपासूनच सुरुवात करणार. तू वाचता वाचता वैतागशील, “ही फ्रेंच बाई मुद्द्यावर कधी येणार?” असं म्हणशील. म्हण. तेवढं ऐकायला मिळालं तरी चालेल मला.

चौऱ्याऐंशी सालचं आठवतं? आइस हॉकीच्या जुन्या रिंकमध्ये तिकीट नऊ डॉलर होतं. माझा आर्मां रेल्वेच्या कारखान्यातून थेट आला होता, हाताला ग्रीसचा वास, आणि अंधारात जागा शोधताना त्याने तुमच्या पिशवीवर पाय दिला. बटाटा भरून उकडलेल्या तुझ्या पिरोहीचा अख्खा डबा चपटा झाला. मला वाटलं आता मारामारी होणार, कारण मेट्रो उठला तेव्हा तो उठतच राहिला, संपेचना. पण तो खाली वाकला, डबा उघडून बघितला आणि म्हणाला, “आता सगळ्यांना एकच मोठी पिरोही. पहिला घास या रेल्वेला.” खेळाच्या दुसऱ्या पिरियडपर्यंत दोघे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते आणि तू मला विचारत होतीस की तुम्हा फ्रेंचांत वाटाण्याच्या सूपात खरंच साखर घालतात का. मी म्हटलं, मेपलचा पाक, थोडासा. तू असं तोंड केलंस की मी अजून विसरलेले नाही.

मग शहाण्णव साली संघच गेला. विकला गेला, दक्षिणेत वाळवंटात गेला, जिथे बर्फ फक्त ग्लासात असतो. त्या वसंतात लहान मुलांनी गल्ले फोडून पैसे आणून दिले होते संघ वाचवायला आणि तरी तो गेला. शेवटच्या सामन्यानंतर आपण चौघं रस्त्यावर उभे होतो. मेट्रो म्हणाला होता, “आता हिवाळा नुसता हिवाळाच राहणार.” पुढची पंधरा वर्षं तसंच होतं. आपण पत्ते खेळलो, नाताळची फराळाची ताटं नदीच्या या काठावरून त्या काठावर नेली, दोन वेळा नाताळ केला, तुमच्या चर्चच्या जुन्या पंचांगाचा जानेवारीतला आणि आमचा डिसेंबरातला. पण गर्दीत एकत्र ओरडण्याचं सुख गेलं होतं ते गेलंच होतं. मग दोन हजार अकरात संघ परत आला. हंगामाचे पास काही मिनिटांत संपले. तुझ्या मुलीच्या संगणकासमोर आपण चौघं श्वास रोखून बसलो होतो आणि तू एका बोटाने बटण दाबलंस. वरचा मजला, रांग चौदा, जागा पाच, सहा, सात, आठ. पाचवर आर्मां, सहावर मी, सातवर तू, आठवर मेट्रो. पुरुष दोन्ही टोकांना, कारण आर्मांचं म्हणणं, बाहेरचा धक्का आणि सांडलेली बिअर नवऱ्यांनी झेलावी, बायकांनी मधे बसून गप्पा माराव्यात. गप्पाच मारल्या आपण. किती गोल माझे बघायचे राहून गेले तुझ्या सुनेच्या भानगडी ऐकताना!

आणि प्लेऑफ, हंगामाअखेरची ती बाद फेरी. सगळं गाव पांढरं घालून येतं तेव्हा आपल्या रांगेसारखी रांग दुसरी नव्हती. मेट्रो आपल्या रंगाऱ्याच्या पांढऱ्या डगल्यात, खिशात अजून ब्रश. तू तुझ्या आईच्या भरतकामाच्या सदऱ्यात, ज्यावर पहिल्याच वर्षी मोहरीची चटणी सांडली. आर्मांला पांढरं काही मिळेना म्हणून त्याने माझा जेवणाच्या टेबलाचा कपडा खांद्यावर टाकला होता आणि वरून म्हणत होता, “मी पोप आहे, आशीर्वाद हवा तर रांगेने या.” मी लाजून मेले. आमच्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर!

नेटी, हे सगळं कधी इतकं महाग झालं ग? एका दिवसात झालं नाही. दर वर्षी पत्र यायचं, दर वर्षी त्यात “आमच्या निष्ठावंत कुटुंबास” असं लिहिलेलं असायचं आणि खाली आकडा वाढलेला असायचा. खेळाडूंना पैसे लागतात, मला कळतं. बर्फाला वीज लागते, तेही कळतं. मी काही वेडी नाही. पण रांग बघ आपली. एक आणि दोनवरचे बसड्रायव्हर नवराबायको तीन वर्षांपूर्वी गेले. नऊ-दहावरच्या दोघी बहिणी, ज्या खेळ चालू असताना विणकाम करायच्या, त्या मागच्या वर्षी गेल्या. वय झाल्यावर एकेक दात पडावा तशी रांग झाली. आता तिथे दर सामन्याला नवी माणसं येतात. त्यांचा काही दोष नाही. पण कुणाशी ओळख होत नाही. ओळख व्हायला माणूस दुसऱ्यांदा भेटावा लागतो.

आता त्या मंगळवारचं लिहिते. सोमवारी या वर्षीच्या प्लेऑफचा दुसरा सामना होता. पहिल्याला तू माझ्या शेजारी होतीस, सगळं नेहमीसारखं, आणि दुसऱ्यालाही येते म्हणालीस की नाही हे मला आठवत नाही, मी गृहीत धरलं. मी त्रेसष्ट पायऱ्या चढून वर आले, मधे दोनदा थांबले, आणि बघते तर सात आणि आठवर दोन पुरुष लाल जर्सी घालून बसलेले. सगळी रांग पांढरी, सगळा मजला पांढरा, आणि तुझ्या नि मेट्रोच्या जागी लाल. मला वाटलं चुकले. मग वाटलं ते चुकले. त्यांनी तिकीट दाखवलं. सभ्य होती माणसं, विमानाने आली होती. एकाने मला पॉपकॉर्न देऊ केलं, दुसऱ्याने फोन हातात देऊन फोटो काढायला सांगितला. मी काढला, नेटी! तुझ्या जागेवर बसून हसणाऱ्या शत्रूचा फोटो मी माझ्या हाताने काढला. तो म्हणाला, “एकेक तिकीट आठशेला पडलं, आजी. बायकोला माहीत नाही हं.” त्या सामन्यात आपण हरलो, आणि ते दोघे उठून नाचले.

रात्रभर मी धुमसत होते. सकाळी तुला फोन लावला तेव्हा नमस्कार-चमत्कारसुद्धा केला नाही. मी विचारलं, किती मिळाले? तू सरळ आकडा सांगितलास. लपवलं नाहीस, ते मला जास्तच लागलं. तू म्हणालीस, “सोलांज, पुढच्या वर्षीच्या जागा ठेवायच्या तर या वर्षीचे दोन सामने विकावेच लागतात. तुझ्या आर्मांची पेन्शन रेल्वेची आहे. माझ्या मेट्रोची पेन्शन म्हणजे रंगाचे रिकामे डबे.” यावर कुणीही शहाण्या बाईने गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, मेट्रो असता तर त्याने असं केलं नसतं. मेला असता पण विकलं नसतं.

मला तुझ्या स्वयंपाकघरातला नळ ऐकू येत होता. मग तू फोन ठेवलास.

ते वाक्य परत घेण्यासारखं नाही हे मला माहीत आहे. पण मागून एक गोष्ट आठवली, ती लिहिते. सत्त्याऐंशी साल. तिकिटं हातात, आणि त्याच दुपारी रिंकपाशी येऊन तुमच्या गाडीची बॅटरी मेली. उणे तीस अंशांच्या थंडीत. मेट्रोने दारावर उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला आपलं तिकीट दिलं आणि त्याच्या ट्रकमधली जुनी बॅटरी घेतली. मग तो पार्किंगमध्ये, त्या बॅटरीवर, रेडिओ लावून सामना ऐकत बसला. आपण बाहेर आलो तर गाडी गरम, काचांवरची वाफ पुसलेली, आणि तो विचारतो, “तिसरा गोल कसा झाला? रेडिओवाल्याला नीट सांगता येत नाही.” त्याच्या जागेवर बसलेला शेतकरी अख्खा वेळ तुझ्या कोपराला कोपर लावून होता आणि तू चिडून लाल झाली होतीस. म्हणजे मेट्रोने विकलं होतं ग, नेटी. घरच्यांना थंडीत पायी जायला लागू नये म्हणून विकलं होतं. माझं वाक्य निर्दय तर होतंच, वर खोटंही होतं.

आणि आता जे मी पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ते.

मीही विकलं.

गेल्या शुक्रवारी नव्या हंगामाचं पत्र आलं. दोन जागांचा आकडा वाचून मी चष्मा पुसला आणि परत वाचला. मग वाटलं, आर्मां गेल्यापासून रिकामी असलेल्या त्याच्या जागेची बाहेर काय किंमत आहे ते तरी बघू. नुसतं बघू. माझी भाची मिरेय आली होती, तिने फोनवर दाखवलं कसं करायचं ते. ती म्हणाली, “मावशी, किंमत तूच टाकायची, हवी ती.” पाचव्या सामन्यासाठी आर्मांची एकच जागा टाकली. आणि कुणी घेऊ नये म्हणून मुद्दाम अशी किंमत टाकली की माणूस हसेल. दोन हजार चारशे डॉलर! आमच्या गल्लीतला म्हातारा पेल्तिए नाही का, घर विकायचं नसताना दर वसंतात बागेत पाटी लावतो आणि दहा लाख सांगतो, लोकांनी विचारावं म्हणून? तसं. मी फोन पावाच्या डब्यावर ठेवला आणि वाटाणे निवडायला बसले. मिरेय कोट घालत होती तेवढ्यात फोन वाजला. “अभिनंदन, आपली जागा विकली गेली.” अकरा मिनिटं लागली होती. मिरेय टाळ्या वाजवायला लागली आणि मी रडायला. ती बिचारी बघतच राहिली. मी त्या तिकीट विकणाऱ्यांना फोन केला, चूक झाली म्हटलं. आधी बराच वेळ गाणं वाजलं, मग एक बाई गोड आवाजात म्हणाली की आता रद्द होत नाही, मॅडम, आपण अटी मान्य केल्या आहेत. मी कसल्या अटी मान्य केल्या? मी तर फक्त नाही म्हणण्यासाठी मोठा आकडा लिहिला होता.

तर बुधवारी मी गेले. पाचवर एक गृहस्थ आले, पहिला पिरियड अर्धा झाल्यावर. अंगावर नवी कोरी पांढरी जर्सी, मानेशी लेबल तसंच. माझ्याशी चांगलं बोलले. म्हणाले, या गावात कामाला आलोय, सगळे म्हणाले एकदा बघाच. मग त्यांना फोन आला आणि पिरियड संपला तशी ते कोट घेऊन गेले. मला वाटलं कॉफी आणायला गेले. परत आलेच नाहीत. आर्मां आजारी असताना, नाकात नळी घालून, नर्सशी भांडून दुसऱ्या पिरियडपर्यंत जागा राहायचा टीव्हीपुढे. आणि इथे त्याची जागा अर्ध्या पिरियडच्या खेळाला विकली गेली, पुढे सगळा सामना रिकामी. मी माझा कोटसुद्धा ठेवू शकले नाही तिच्यावर. ती माझी नव्हती.

उजवीकडे, तुझ्या जागांवर, एक तरुण जोडपं होतं. जादा वेळेत आपण गोल केला. तू टीव्हीवर पाहिलंस का? निळ्या रेषेपासून मारला, कुणाच्या तरी पायाला लागून आत. सगळं छप्पर उठलं. आणि मी सवयीने, न बघता, दोन्ही हात पसरून उजवीकडे वळले आणि घट्ट मिठी मारली. तो मुलगा फोनवर चित्रण करत होता. त्याचा फोन खाली पडला. त्याने दचकून माझ्या पाठीवर थोपटलं, अनोळखी गायीला थोपटावं तसं, आणि म्हणाला, “ठीक आहे, मॅडम, ठीक आहे.” मी सॉरी म्हणून खाली बसले. पंधरा हजार माणसं उभी राहून ओरडत होती, आपला संघ जिंकला होता, आणि मी खाली बसून पायातल्या बुटाची नाडी बांधत होते. बुटाला नाडी नव्हती.

तेव्हा मला तुझं कळलं. तू मला सोडलं नव्हतंस. आपण दोघी एकाच पत्राला एकेकटीने उत्तर देत होतो, दारं लावून. तू दोन सामने विकून बाकीचे वाचवायला बघत होतीस, मी आर्मांची जागा विकून आर्मांचीच जागा राखायला बघत होते. आणि खरं सांगू का, ते दोघे गेल्यापासून आपण ज्यांच्यासाठी पैसे भरतो त्या जागांवर बसतं कोण? तुझ्या आठवर कधी नातू, कधी पिशवी. माझ्या पाचवर माझा कोट. आर्मांची जागा सोडणं म्हणजे आर्मांला सोडणं, असं मला वाटत आलं. तुझंही तसंच असणार, आपण कधी बोललो नाही. चाळीस वर्षांत आपण तुझ्या सुनेपासून माझ्या गर्भाशयापर्यंत सगळं बोललो, फक्त एवढंच बोललो नाही.

काल रात्री सहावा सामना हरलो, म्हणजे तीन-तीन बरोबरी, आणि उद्या शेवटचा सातवा इथे. आज सकाळी मी कार्यालयात फोन केला आणि या वेळी गाणं संपेपर्यंत धीर धरला. विचारलं, दोनपैकी एकच जागा ठेवता येते का? येते म्हणाले, पाच वेगळी, सहा वेगळी. म्हणून मी माझ्या फॉर्मवर फक्त सहा लिहिलं आहे. पाच सोडली. एक जागा मला झेपते, नेटी, आणि मी हिशेब केला आहे, एक तुलाही झेपेल, कुठलाही सामना न विकता. तू आठ सोड आणि सात लिही. ते दोघे टोकांना बसले होते म्हणून आपण मधे आहोत, टोकं गेली तरी आपण एकमेकींच्या शेजारीच राहतो. टोकांना परकी माणसं बसू देत, आपण त्यांना पिरोही देऊ. हे पत्र पोस्टात टाकत नाही, पूल ओलांडून बसने येऊन तुझ्या पेटीत टाकते आहे. दार वाजवणार नाही, तुला उघडावंसं वाटलं पाहिजे. उद्याच्या तुझ्या जागा तू विकल्या असशील तर विकल्यास, मी विचारणार नाही. आर्मांची जागा उद्यापर्यंत अजून माझी आहे, तिच्यावर तू बस. सामना सातला आहे, पण तू साडेपाचलाच कॉर्नीच्या दाराशी ये. त्रेसष्ट पायऱ्या आहेत, आणि आता आपल्याला मधे दोनदा थांबावं लागतं.

तुझीच,
सोलांज